डागकाकांनी पुसलेला ठिपका

डागकाकांचं खरं नाव गटातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते कधी वापरलं नाही. चौतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढले. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, खालून दिवा लावलेल्या काचेवर वाकून. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यावर. मुरूम, व्रण, कांजिण्यांचे खड्डे, साहेबलोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक फोटो पाहून हरखून जायचं आणि फोटोग्राफरची पाठ थोपटायचं. मागच्या खोलीत कोण बसतं, हे त्याच्या गावीही नसायचं. काकांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. आपण नसतो तर ही मंडळी आपापल्या तोंडानिशी घरी गेली असती, एवढं समाधान त्यांना पुरायचं.

मग लोकांच्या हातात फोन आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. काका घरी बसले. घरी बसले म्हणजे घरातले डाग काढायला लागले. भिंतीचा पोपडा, पडद्याची एक बाजू बोटभर खाली, बायकोने पुसलेल्या आरशावरचा ओघळ. तीन महिने तिने ऐकून घेतलं. चौथ्या महिन्यात म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी जाऊन बसा. नाहीतर मी जाते."

अशा रीतीने काका हौशी फोटोवाल्यांच्या गटात आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वीस-पंचवीस जण जमायचे. पांढऱ्या भिंतीवर एकेकाचा फोटो मोठा करून दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याचं काय चुकलं ते सांगायचं, असा प्रकार. गटाचा म्होरक्या एक दंतवैद्य होता. त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. पक्षी त्याच्या वाटेला पूर्ण कधी यायचा नाही, शेपूट तेवढी यायची. पण माणूस दिलदार, चहा नेहमी त्याच्याकडून.

काका आले तेव्हा गटात नुसता वाहवाचा कारभार होता. 'अप्रतिम', 'काय टिपलंय', 'हात चुंबावेसे वाटतात'. कुणी चूक काढलीच तर फोटोवाला उभा राहून अर्धा तास बोलायचा. किती पहाटे उठलो, किती चाललो, ढग कसे आडवे आले. दोन रविवार काकांनी हे सोसलं. तिसऱ्या रविवारी ते उठून म्हणाले, "फोटो टाकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. फोटोला जे सांगायचंय ते फोटो सांगेल. सांगत नसेल तर तो फोटो नव्हे." दंतवैद्याला हे फार पटलं. तो म्हणाला की माझ्यासमोर लोक तोंड मिटून बसतायत असं आयुष्यात पहिल्यांदाच होणार, करूच हा नियम. तेव्हापासून नियम झाला. ज्याचा फोटो भिंतीवर, तो गप्प. सगळ्यांचं बोलून झालं की त्याने आभार मानायचे आणि खाली बसायचं.

नियमाने गट सुधारला, हे कबूल करायला हवं. फोटो खरंच बरे येऊ लागले. काकांचा दरारा असा वाढला की त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला की फोटोवाला खुर्चीत सावरून बसायचा. मागे बसणारे कुजबुजायचेही, की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघता बघता या म्हाताऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ शिरेल. काकांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना उलट बरंच वाटलं.

ही गोष्ट त्या नियमाची आणि एका अडीच वर्षांच्या मुलीच्या डाव्या डोळ्याची आहे. त्या डोळ्यात जे होतं ते परक्या माणसांत सगळ्यांच्या आधी डागकाकांना दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की म्हातारा त्या दिवशी चष्मा विसरला होता.

मुलीचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. गटात त्याला लिफ्टवालाच म्हणायचे. तिशीतला, हडकुळा, नखांत ग्रीस, बोलायला लाजरा. कुणाकडून तरी जुना कॅमेरा घेऊन तो एका रविवारी आला आणि शेवटच्या खुर्चीवर बसला. त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर दंतवैद्याने त्याला विचारलं, काही आणलंय का. त्याने एकच फोटो आणला होता.

भिंतीवर मुलगी उमटली. पत्र्याचं कपाट ज्यातून आलं ते पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं, त्याला कापून केलेली खिडकी आणि त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून खदखदा हसणारी पोर. केस विस्कटलेले, एक हात बाहेर, हातात चमचा. फोटो शिकलेल्या हाताचा नव्हता, पण हसू असं होतं की मागची रांगही हसली. दंतवैद्य म्हणाला, "दात छान आलेत हिचे."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. भिंतीजवळ गेले.

"डोळे बघा," ते म्हणाले. "उजवा लाल आलाय. फ्लॅश समोरून मारला की लाल येतोच, त्याचं काही नाही. पण डावा? डाव्यात पांढरा ठिपका आहे. मांजराच्या डोळ्यासारखा. हा फोटोतला सगळ्यात मोठा डाग. हसू बघायला गेलेला माणूस तिथे अडकतो."

लिफ्टवाला खुर्चीतून अर्धवट उठला. "काका, तेच मला... तो ना, प्रत्येक..."

"नियम," काका म्हणाले. रागावून नाही म्हणाले. नव्या माणसाला सवय नसते, हे त्यांना ठाऊक होतं. दंतवैद्याने ओठांवर बोट ठेवून त्याला हसत खाली बसवलं.

मग काकांनी सांगितलं. पोर जरा बाजूला बघत होती, फ्लॅशची तिरीप डोळ्यात तिरकी शिरली आणि आतून उलटून आली. लेन्सच्या अगदी शेजारी फ्लॅश असला की असले प्रकार होतात. फ्लॅश छताकडे वळवायचा, उजेड वरून खाली येऊ द्यायचा. फोनवरचा फ्लॅश तर लावूच नये, तो शाप आहे. एवढं केलं की लालही जाईल आणि पांढराही जाईल. काका बोलत होते आणि चार-पाच जण वहीत लिहून घेत होते. त्यांनी सांगितलं ते बहुतेक फोटोंच्या बाबतीत खरंही आहे. तसा ठिपका नुसत्या तिरप्या उजेडानेही येतो.

लिफ्टवाल्याने नियमाप्रमाणे आभार मानले. खाली जिन्यात काकांनी त्याला गाठलं.

"नक्की ना काका? फ्लॅशच ना?" त्याने विचारलं.

"चौतीस वर्षं डोळेच बघत आलोय," काका म्हणाले. "तुझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश वळत नाही, माझ्याकडे एक वळणारा आहे. पडून आहे. येऊन घेऊन जा."

पोरगा त्यांना आवडला होता. स्वतःचं मूल नसलेल्या माणसाला कुणीतरी विचारायला आलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. पुढच्या शनिवारी लिफ्टवाला फ्लॅश न्यायला आला, सोबत बायको आणि मुलगीही होती. मुलीला घरात मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी राहायची नाही. तिने काकांच्या घरातली सगळी दारं उघडून पाहिली. काकांच्या बायकोने तिला मांडीवर घेऊन खायला घातलं. काकांनी छताकडे फ्लॅश वळवून तिचे दहा-बारा फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. दोन्ही डोळे काळेभोर. मुंगीची आई पडद्याजवळ जाऊन बराच वेळ ते फोटो बघत राहिली. "गेला," ती नवऱ्याला म्हणाली. काकांना वाटलं, फोटोचं कौतुक चाललंय.

पुढचे महिने चांगले गेले, आणि हेच सांगायला जड जातं. लिफ्टवाला शिकत गेला. मुंगी टेबलाखाली, मुंगी बादलीत, मुंगी बापाच्या हत्यारांच्या पेटीवर बसलेली. उजेड मऊ, डोळे काळे. काकांनी कित्येक वर्षांत कुणासाठी न काढलेला शब्द त्याच्यासाठी काढला. "ठीक," ते म्हणाले, आणि गटात कुजबुज झाली, कारण काकांचं 'ठीक' म्हणजे दुसऱ्याच्या दहा वाहवा.

वाचनालयात वर्षातून एकदा गटाचं प्रदर्शन लागायचं. काकांनी हट्टाने खोक्यातल्या मुंगीचा तो पहिलाच फोटो निवडला. तसं हसू नंतर कधी सापडलं नव्हतं. डोळ्याचं काम त्यांनी स्वतः अंगावर घेतलं. दोन दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी उजव्या बाहुलीतला लाल काढला, ती काळी केली, मग तीच उचलून डाव्या डोळ्यात बसवली, चमक जिथल्या तिथे ठेवली. चौतीस वर्षांचं सगळं कसब त्या दोन मिलिमीटरांत ओतलं. काम असं बेमालूम झालं की स्वतः त्यांनाही भिंग घेऊन शोधावं लागलं. फोटो दारासमोरच, मुंगीच्या उंचीला टांगला. येणारा प्रत्येक जण थांबायचा. मुंगीला तिच्याच फोटोसमोर उभं केलं तेव्हा ती चौकटीच्या कोपऱ्यावर आपटली, आणि सगळे हसले, की बघा, स्वतःला बघायची केवढी घाई.

त्यानंतर ती दाराच्या कडेला आपटू लागली. डावीकडून चमचा दिला तर तिचा हात हवेत फिरायचा. डावा डोळा नाकाकडे वळायला लागला, तेव्हा आईबाप तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पहिल्या रविवारपासून मोजलं तर अकरावा महिना चालू होता.

गटाला हे दंतवैद्याने सांगितलं. लिफ्टवाला दोन रविवार आला नव्हता म्हणून त्याने फोन केला होता. मुलीच्या डोळ्याच्या आत गाठ होती. आता सगळा डोळा भरला होता. डॉक्टरांनी आधीचे फोटो मागितले, कधीपासून आहे ते कळावं म्हणून. असल्या गाठीत फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसते म्हणे, लाल दिसायच्या ऐवजी. बापाने शे-दीडशे फोटो दाखवले. डॉक्टर बघतच राहिले, की एवढे फोटो आणि एकातही काही नाही. मग बापाने तो पहिला फोटो काढून दाखवला, न सुधारलेला. डॉक्टरांनी त्याची तारीख विचारून लिहून घेतली. डोळा काढला. पण गाठ डोळ्यामागच्या शिरेतून डोक्याकडे सरकली होती. औषधं चालू आहेत, करू तेवढं करू, असं डॉक्टर म्हणतात.

"वेळेवर सापडली तर पोरं वाचतात यातून," दंतवैद्य म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं की आपण कुणासमोर बोलतोय, आणि तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागला. "मीही होतो की तिथे, काका. मी दात बघितले."

काका उठले आणि घरी गेले.

घरी त्यांनी कॉम्प्युटर लावला. स्टुडिओची शिस्त होती, मूळ फोटो कधी पुसायचा नाही. मूळ फोटो होता. त्यांनी डावा डोळा पडदाभर मोठा केला. पांढरा, जरासा पिवळट, कडेला बारीक शिरांची नक्षी. तिरपी तिरीप अशी दिसत नाही. भिंतीवर एवढा मोठा केला नव्हता, प्रदर्शनासाठी केला होता. त्या दोन दुपारी त्यांनी ही नक्षी पाहिली होती आणि एवढंच मनात आणलं होतं, की हिच्यावर रंग बसवायला जड जाणार.

मग त्यांना दुसरं सुचलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. स्टुडिओत निम्मी गिऱ्हाइकं मुलांचे फोटो काढून घ्यायला यायची. पहिला वाढदिवस, शाळेचा दाखला, आजोळी पाठवायचा फोटो. प्रिंटवर एखाद्या पोराच्या डोळ्यात पांढरं आलं की बारीक ब्रश काळ्या शाईत बुडवायचा आणि बाहुली भरून टाकायची. अर्ध्या मिनिटाचं काम. चौतीस वर्षांत अशा किती बाहुल्या भरल्या? दहा? चाळीस? त्यातल्या किती नुसत्या उजेडाच्या होत्या आणि किती नव्हत्या? स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हची पोती मालकाने त्यांच्या थरातली चांदी काढणाऱ्याला विकली होती. आता शोधायचं म्हटलं तरी कुठे शोधणार होते ते?

बायको दारात येऊन उभी राहिली. तिला दंतवैद्याच्या बायकोकडून कळलं होतं.

"तुम्ही डॉक्टर नव्हता," ती म्हणाली.

"तेच तर. नव्हतो, तर एवढ्या खात्रीने बोललो कशाला?"

ती आत आली आणि म्हणाली, "जाऊन या तिथे. तो काय म्हणेल ते ऐकून घ्या."

जायला त्यांनी नऊ दिवस लावले. रोज सकाळी दाढी करायची, कपडे घालायचे आणि खुर्चीत बसायचं. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. खरं तर शिव्यांची त्यांना आस लागली होती. बापाने गळा धरावा, चार शेजारी गोळा व्हावेत, म्हातारपणी इज्जत जावी, असं काहीतरी झालं तर बरं होईल असं त्यांना वाटायचं.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला ते गेले. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. दार लिफ्टवाल्यानेच उघडलं. कामावर गेला नव्हता. "या काका," तो म्हणाला आणि खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून जागा करून दिली.

मुंगी जमिनीवर बसली होती. डोक्यावर केस उरले नव्हते, डाव्या डोळ्यावर पट्टी. बापाने जुन्या लिफ्टमधून काढलेली आकड्यांची बटणं तिच्यापुढे होती आणि ती त्यांची रांग लावत होती. एका जागी बसून. काकांकडे बघायला तिला अख्खी मान वळवावी लागली. तिने ओळखलं, हसली आणि परत बटणांकडे वळली.

काका पाठ करून आले होते ते सगळं विसरले. "मला दिसलं होतं," एवढंच ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला."

"माहीत आहे, काका," लिफ्टवाला म्हणाला. "आम्हालाही दिसलं होतं."

"तुम्हाला?" काका म्हणाले.

"त्याच्याआधी दोन महिन्यांपासून दिसत होतं. फोनवरच्या फोटोत. कधी यायचं, कधी नाही. मुंगीच्या आईला वाटायचं डोळ्यात काहीतरी आहे. मला वाटायचं फोन खराब आहे, असले फोटो मी पुसून टाकायचो. डॉक्टरकडे जाऊन सांगणार काय, की मुलगी ठणठणीत आहे पण फोटोत डोळा पांढरा येतो? हसले असते. मग एकाचा कॅमेरा मागून आणला. त्याच्यातही आलं. कुणीतरी सांगितलं, वाचनालयात फोटोतली जाणकार माणसं जमतात, तोंडावर खरं सांगतात. म्हटलं त्यांनाच विचारू. फोटोबिटो शिकायला कुठे आलो होतो मी? तेवढं एकच विचारायला आलो होतो."

काकांना भिंतीजवळचा तो क्षण आठवला. खुर्चीतून अर्धवट उठलेला पोरगा आणि आपण म्हटलेला एक शब्द.

"मग नंतर का नाही विचारलंस? घरी आला होतास तू. कितीदा आलास."

लिफ्टवाल्याला या प्रश्नाचं नवल वाटल्यासारखं दिसलं. "विचारायचं काय राहिलं होतं? जिन्यात विचारलं की मी, नक्की ना म्हणून. तुम्ही नक्की म्हणालात. मी तिथूनच हिला फोन केला, काही नाही, फ्लॅश आहे, जाणत्या माणसाने सांगितलंय. ही फोनवर रडायलाच लागली. दोन महिने जेवण जात नव्हतं आम्हाला. त्या दिवशी मुंगीला घेऊन बाहेर गेलो, संध्याकाळपर्यंत फिरलो. ही सारखी म्हणत होती, त्या काकांचे उपकार झाले आपल्यावर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. काकांनी तो शोधला, दुसऱ्याच्या फोटोतला डाग शोधावा तसा शोधला, आणि त्यांना सापडला नाही.

आतून मुंगीची आई चहा घेऊन आली. तिने कप काकांच्या हातात दिला. कप हलत होता आणि चहा काठावरून सांडायला लागला. हातातली बशी तिने कपाखाली धरली आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत तशीच त्यांच्यासमोर उभी राहिली.